गर्भिणीची कावीळ

१९५५ सालच्या डिसेंबर महिन्यांत दिल्ली शहरांत घरोघर माणसांचे डोळे पिवळे दिसूं लागले. त्या वर्षीं यमुनेला मोठा पूर येऊन गेल्यावर तिचा प्रवाह बदलला होता, आणि नजफगड नाल्याचें सांडपाणी वझिराबाद येथें शहरासाठीं पाणी उचलतात त्या जागेपर्यंत जाऊन पोंचलें होतें. हें तेथील अभियंत्यांच्या ध्यानांत आलें नव्हतें असें नाहीं. त्यांनीं पाण्यावरील शुद्धीचे उपचार वाढविले, आणि त्यांचा उपयोगही झाला. कारण शहरांत विषमज्वर वाढला नाहीं. परंतु त्या पाण्यांतून दुसरेंच कांहीं तरी नळावाटे घरांत शिरलें. पुढील कांहीं आठवड्यांत सुमारें २९,००० माणसांना कावीळ झाली. त्यांतील बहुतेक लोक महिन्यादीड महिन्यांत बरे होऊन आपापल्या उद्योगाला लागले. तथापि डॉक्टरांच्या नजरेस एक विलक्षण गोष्ट आली. ज्या स्त्रिया त्या वेळीं गरोदर होत्या त्यांना हा रोग इतक्या सहज सोडीत नव्हता. त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण इतरांहून कितीतरी अधिक होतें.

ही कावीळ कोणती, हें कळावयास पुष्कळ वर्षें जावीं लागलीं. त्या साथींतील रोग्यांच्या रक्ताचे राखून ठेवलेले नमुने १९८० सालीं पुन्हां तपासण्यांत आले. दूषित पाण्यांतून पसरणारा काविळीचा 'ए' विषाणु तोंवर शास्त्रज्ञांच्या परिचयाचा झाला होता. परंतु त्या रक्तांत 'ए' विषाणूच्या ताज्या लागणीची खूण मिळेना. म्हणजे हा कोणी वेगळाच शत्रु होता. त्याच सुमारास काश्मीरच्या खोऱ्यांत १९७८ च्या अखेरीस उद्‌भवलेल्या साथीचा अभ्यास डॉ. एम. एस. खुरू यांनीं प्रसिद्ध केला. त्यांनीं पाहिलेल्या २०८ गर्भवती स्त्रियांपैकीं ३६ जणींना कावीळ झाली होती, आणि त्या ३६ पैकीं ८ जणींचें यकृत कांहीं दिवसांतच निकामी झालें. उलट, गरोदर नसलेल्या ज्या ७१ स्त्रियांना तीच कावीळ झाली त्यांच्यांपैकीं एकीवरही हा प्रसंग आला नाहीं. आंकडे लहान आहेत, पण ते काय सांगतात हें समजावयास मोठ्या गणिताची आवश्यकता नाहीं.

पुढें १९८३ सालीं मॉस्कोचे विषाणुशास्त्रज्ञ मिखाइल बलायन यांनीं, अफगाणिस्तानांतील सोव्हिएट सैनिकांत पसरलेल्या काविळीचा उगम शोधण्यासाठीं, आजारी सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतःच प्राशन केला. पांच आठवड्यांनीं त्यांना कावीळ झाली, व त्यांच्याच विष्ठेंत सूक्ष्मदर्शकाखालीं तो विषाणु दिसला. हा प्रयोग अनुकरणीय खास नव्हे. पण त्यानें शोधाला दिशा मिळाली. १९९० मध्यें या विषाणूची जनुकीय रचना हातीं आली व त्याला 'ई' हें नांव मिळालें. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेनें जुन्या साथींतील रक्तनमुने तपासून, दिल्लीची ती कावीळ याच 'ई' विषाणूची होती, असें दाखवून दिलें.

हा सर्व इतिहास झाला असें समजून कोणी स्वस्थ बसूं नये. १९९१ सालीं कानपूरला या रोगाची दिल्लीहूनही मोठी साथ आली. २०१२ सालीं महाराष्ट्रांत इचलकरंजीस आली. ज्या शहरांत नळाला चोवीस तास पाणी नसतें, तेथें पाणी बंद झालें कीं जमिनीखालचा नळ रिकामा पडतो. शेजारून जाणारें गटार फुटलेलें असलें आणि नळाच्या सांध्यांत फट असली, तर तो रिकामा नळ भोंवतालची घाण आंत ओढून घेतो. मग दुसऱ्या दिवशीं पहाटे जें पाणी हंड्यांत पडतें तें डोळ्यांना स्वच्छ दिसेल, पण तेवढ्यानें तें निर्दोष ठरत नाहीं. खळखळून उकळलेल्या पाण्यांत हा विषाणु जगत नाहीं. स्वयंपाकघरांतील यंत्र कितीही महाग असलें, तरी घरांत गर्भवती असतां पाणी उकळण्याचा कंटाळा करूं नये. आणि वस्तींत काविळीचे रोगी आढळूं लागले असतील तेव्हां तर मुळींच करूं नये. पाणी तोंडांत गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे लोटतात. त्यामुळें 'परवां बाहेर खाल्लें त्याचा हा परिणाम' असा जो शोध घरांतील मंडळी लावतात तो बहुधा चुकतो. कारण महिन्यामागचें असतें, आणि तें कोणाच्याही स्मरणांत राहिलेलें नसतें.

येथें आपल्या चालीरीतींतील एका गोष्टीचा विचार करणें प्राप्त आहे. पहिलटकरीण सातव्या महिन्यांत डोहाळजेवण उरकून माहेरीं जाते. 'ई' काविळीचा धोका गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत सर्वांत मोठा असतो. त्या अवस्थेंत ती झाली तर शेंकडा वीस ते पंचवीसपर्यंत स्त्रिया दगावल्याची नोंद आहे. म्हणजे नेमक्या याच काळांत ही मुलगी गांव बदलते, पाणी बदलते व डॉक्टर बदलते. समारंभांत चार घरचें सरबत व बर्फ पोटांत जातो. माहेरीं जाण्याची चाल वाईट असें कोणी म्हणणार नाहीं. आईच्या हातचें जेवण व विश्रांति यांचें मोल औषधाहून कमी नाहीं. पण तिच्या लुगड्यांबरोबर तिचे तपासणीचे कागदही पेटींत गेले पाहिजेत, आणि माहेरच्या गांवीं यकृताचा रोगी सांभाळूं शकेल असें इस्पितळ किती अंतरावर आहे याची चौकशी ती येण्यापूर्वींच वडिलांनीं करून ठेविली पाहिजे.

'ई' विषाणूला मारून गर्भाला अपाय करणार नाहीं असें औषध अद्यापि हातीं नाहीं. रिबाव्हिरीन नांवाचें एक औषध आहे, परंतु त्यानें गर्भाला व्यंग होण्याची भीति असल्यामुळें तें गर्भवतीस देतां येत नाहीं. मग इस्पितळांत जाऊन उपयोग काय, असा प्रश्न सासूबाई विचारतात, आणि तो वरवर पाहतां रास्त वाटतो. उपयोग असा कीं, यकृत हें रक्त गोठविणारीं द्रव्यें तयार करतें, रक्तांतील साखर राखतें आणि शरीरांतील विषें निष्प्रभ करतें. तें निकामी होऊं लागलें म्हणजे साखर एकाएकीं खालीं येते, हिरड्यांतून किंवा नाकांतून रक्त येऊं लागतें, आणि मेंदूवर परिणाम होऊन रोगी बरळूं लागतो. हीं संकटें तासातासाला पाहून तेथल्या तेथें निवारावीं लागतात. तें घरीं होत नाहीं. कावीळ झालेली गर्भवती दिवसा अकारण झोपूं लागली, रात्रीं जागी राहूं लागली, विचारल्यास भलतेंच उत्तर देऊं लागली, तर ती 'थकली आहे' असें समजून तिला निजूं देणें ही अत्यंत घातक माया होय. गर्भालाही हा विषाणु आईकडून लागूं शकतो. पोटांतच मूल जाणें, दिवस भरण्यापूर्वीं प्रसूति होणें हे प्रकार या काविळींत नेहमींचे आहेत.

असे असतांना घरांत काय चालतें? कावीळ 'उतरविणारा' शोधतात. तो रोग्याच्या हाताला आंब्याच्या सालीचा रस लावतो, चुन्याच्या निवळींत हात धुवावयास सांगतो, आणि पाणी पिवळें होतें. घरची मंडळी समाधान पावतात. तोच प्रयोग निरोगी माणसाच्या हातावर केला तरी पाणी तितकेंच पिवळें होईल, कारण तो रंग काविळीचा नसून त्या सालीचा व चुन्याचा असतो. दुसरीकडे बारीक काड्यांची माळ गळ्यांत घालतात; गांठी सैल होऊन ती लांबत जाते आणि कावीळ उतरल्याचा भास होतो. प्रौढ पुरुषाच्या साध्या काविळींत या प्रकारांनीं फारसें बिघडत नाहीं, कारण ती आपोआपच बरी व्हावयाची असते. त्यामुळेंच या उपायांची कीर्ति टिकून आहे. गर्भवतीच्या बाबतींत मात्र माळ लांबेपर्यंत वाट पाहण्यास सवड नसते. झाडपाल्याचीं औषधें तर कटाक्षानें टाळावीं. त्यांतील कांहींचा भार यकृतावरच पडतो. उसाचा रस काविळीवर गुणकारी म्हणून रस्त्यावरील गुऱ्हाळांतून बर्फ घालून आणवितात, हें तर विनोदी म्हणावें कीं करुण, हेंच कळत नाहीं. ज्या पाण्यानें रोग आला त्याच पाण्याचा तो बर्फ असावयाचा! हळद पिवळी म्हणून ती वर्ज्य करण्यांतही अर्थ नाहीं. भूक असेल तें, ताजें व घरीं शिजविलेलें अन्न द्यावें.

परंतु गर्भवतीचे डोळे पिवळे झाले म्हणजे ती 'ई' विषाणूचीच कावीळ, असें धरून चालणें हीही तितकीच मोठी चूक होय. कारण गर्भारपणामुळेंच उद्‌भवणारे यकृताचे कांहीं विकार आहेत, आणि त्यांची चिकित्सा अगदीं उलट आहे. 'ई' काविळींत घाईनें प्रसूति करविल्यानें आईचा रोग हटतो असें आढळलेलें नाहीं. या दुसऱ्या विकारांत प्रसूति हाच उपाय असतो आणि ती लांबविल्यास आई व मूल दोघेंही हातचीं जातात. डोळ्यांचा रंग दोहोंत सारखाच. भेद कळतो तो रक्ताच्या तपासणीनें, रक्तदाबानें आणि अनुभवी माणसाच्या पाहण्यानें.

यांतील एका विकारांत यकृताच्या पेशी सूक्ष्म चरबीच्या थेंबांनीं एकाएकीं भरून जातात. तो विरळा आहे. सुमारें सात ते वीस हजार गर्भारपणांत एखादा. आठव्या-नवव्या महिन्यांत एकदम ओकाऱ्या सुरू होतात, पोट दुखतें, अन्नाची शिसारी येते, अतिशय तहान लागते, आणि मागाहून कावीळ दिसते. सातवा महिना उलटल्यावर नव्यानें सुरू झालेली ओकारी ही डोहाळ्यांची ओकारी नव्हे, एवढें प्रत्येक घरांत ठाऊक असावें. पूर्वीं हा रोग म्हणजे मृत्यूच समजला जाई. आतां तो लौकर ओळखून लगेच प्रसूति केली तर बहुतेक स्त्रिया वांचतात, आणि त्यांचें यकृत पुढें पूर्ववत्‌ होतें.

या विकाराचें मूळ कांहीं वेळां आईंत नसून पोटांतील बाळांत असतें, हा गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत लागलेला शोध मोठा चित्तवेधक आहे. चरबी जाळून शक्ति मिळविण्यासाठीं शरीरांत जीं पाचक द्रव्यें असतात, त्यांपैकीं एक कांहीं गर्भांत उपजतच नसतें. तें अर्धवट जळलेलें द्रव्य वारेंतून आईच्या रक्तांत येतें, आणि तिच्या यकृतावर त्याचा भार पडतो. म्हणून अशी आई सुखरूप सुटली तरी काम संपत नाहीं. बाळाची तपासणी व्हावयास पाहिजे. कारण दोष असेल तर तें बाळ फार वेळ उपाशी राहतां कामा नये. जन्मतः निरोगी दिसणारें तें मूल एखाद्या साध्या तापांत, दूध न प्याल्यामुळें, एकाएकीं बेशुद्ध होऊं शकतें.

दुसरा विकार अधिक वेळां आढळतो, आणि आपल्या भाषेंतील एका शब्दानें तो झांकला जातो. तो शब्द म्हणजे 'पित्त'. डोकें दुखलें कीं पित्त, मळमळलें कीं पित्त, छातीखालीं दुखलें कीं पित्त. छातींत जळजळलें तर 'बाळाला जावळ येतें आहे' असें कौतुकानें म्हणण्याचीही रीत आहे. एरवीं यांत दोष नाहीं. परंतु पांचवा महिना संपल्यावर गर्भवतीचा रक्तदाब वाढून जो विकार होतो, त्यांत डोकें दुखतें, डोळ्यांपुढें काजवे चमकतात, आणि बरगड्यांखालीं उजव्या बाजूस किंवा मध्यभागीं कळ येते. ही कळ जठराची नसते. यकृताला सूज येऊन त्याचें वेष्टण ताणलें जातें, त्याची ती असते. रक्तांतील तांबड्या पेशी फुटूं लागतात, यकृताचे घटक रक्तांत वाढतात, आणि रक्त थांबविणाऱ्या बिंबिका कमी होतात. १९८२ सालीं अमेरिकेंतील डॉ. लुई वाइनस्टाइन यांनीं या तीन गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'हेल्प' असें नांव दिलें. कावीळ यांत पुष्कळदां दिसतच नाहीं. त्यामुळें घरीं लिंबाचें सरबत, आलेपाक नाहीं तर पित्तावरची गोळी देऊन रात्र काढतात, आणि पहाटे झटके येतात किंवा यकृतांत रक्तस्राव होतो. अशा कळेवर पहिली गोष्ट करावयाची ती रक्तदाब मोजण्याची. तो १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला तर सकाळपर्यंत थांबूं नये. आणि तो कमी भरला पण कळ राहिली, तरीही थांबूं नये. दहांपैकीं सुमारें तीन स्त्रियांत हा विकार प्रसूतीनंतर प्रकट होतो. म्हणून बाळंतिणीचें डोकेंदुखणें वाऱ्यावर लोटूं नये.

'पित्ता'सारखाच दुसरा शब्द 'उष्णता'. गर्भवतीला खाज सुटली कीं अंगांत उष्णता झाली म्हणून सब्जा, गुलकंद व चंदनाचा लेप सुरू होतो. पोटाची कातडी ताणल्यामुळें थोडी खाज पुष्कळींना येते, तिची चिंता नको. पण सातव्या महिन्यानंतर तळहात व तळपाय यांना खाज सुटली, अंगावर पुरळ नसतां ती रात्रीं असह्य होऊं लागली, आणि लघवी गडद होऊं लागली, तर यकृतांतील पित्ताचा प्रवाह मंदावला असल्याचा संभव असतो. हें आयुर्वेदांतील पित्त नव्हे. चरबी पचविण्यासाठीं यकृत जो रस तयार करतें तो. त्यांतील पित्ताम्लें रक्तांत सांचतात. आईला यापासून जिवाचा धोका बहुधा नसतो, आणि याच कारणानें या खाजेकडे दुर्लक्ष होतें. धोका आहे तो बाळाला. २०१९ सालीं अनेक देशांतील रुग्णांची माहिती एकत्र करून जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यांत असें दिसलें कीं एकच गर्भ असतां, पित्ताम्लांचें प्रमाण लिटरमागें ४० मायक्रोमोलच्या खालीं असल्यास मूल पोटांत दगावण्याचें प्रमाण शेंकडा ०.१३ इतकेंच होतें. परंतु तें १०० किंवा त्याहून अधिक झालें तर शेंकडा ३.४४, म्हणजे साधारण तीस स्त्रियांमागें एक. हा मृत्यु अवचित होतो. आदल्या दिवशीं ठोके ठीक असतात, म्हणून त्या ठोक्यांवर विसंबतां येत नाहीं. प्रमाण एवढें वाढलें म्हणजे डॉक्टर छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास प्रसूति करविण्याचा सल्ला देतात, तो ऐकावा. 'दिवस पुरे भरूं द्या' हा हट्ट येथें महागांत पडतो. अर्सोडीऑक्सिकोलिक आम्लाच्या गोळ्या देतात, त्यांनीं कित्येकींची खाज थोडी कमी होते. पण त्या बाळाचें रक्षण करतात असें २०१९ सालच्या इंग्लंडांतील मोठ्या चांचणींत आढळलें नाहीं. म्हणून खाज थांबली कीं काळजी मिटली, असें नव्हे. तपासणी पुन्हां पुन्हां करावीच लागते.

सुशिक्षित घरांत याच्या उलट एक प्रकार दिसतो. रक्ततपासणीचा कागद हातीं आला कीं सर्व मंडळी त्यावरील ठळक आंकडे पाहून घाबरतात. गर्भारपणांत 'अल्कलाइन फॉस्फटेज' हा आंकडा वाढतो, तो वारेमुळें. 'अल्ब्युमिन' कमी होतें, तें रक्तांतील पाणी वाढल्यामुळें. तळहात लाल दिसणें, छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तांबडे बारीक ठिपके उठणें, हेंही निरोगी गर्भारपणांत चालावयाचेंच. यांपैकीं कशासाठींही रात्रीं डॉक्टरांना उठविण्याचें कारण नाहीं. मात्र 'बिलिरुबिन' व 'एस.जी.पी.टी.' हे दोन आंकडे केवळ गरोदरपणामुळें वाढत नसतात. ते वाढलेले असतील तर त्याचें कारण शोधलेंच पाहिजे. पहिल्या तीन महिन्यांत अति ओकाऱ्यांनीं 'एस.जी.पी.टी.' वाढतो व ओकाऱ्या थांबल्या कीं उतरतो. पण तें ठरविणें डॉक्टरांचें काम.

राहतां राहिली 'बी' विषाणूची कावीळ. ती रक्तावाटे व शरीरसंबंधांतून येते, पाण्यावाटे नव्हे. आणि आई दिसावयास पूर्ण निरोगी असतांही तिच्या रक्तांत हा विषाणु असूं शकतो. जन्माच्या वेळीं तो बाळाला लागला तर दहांपैकीं नऊ बाळांत तो कायमचा घर करतो, व पुढें यकृत आकसणें किंवा यकृताचा कर्करोग यांचें बीज होतो. म्हणून गर्भारपणाच्या आरंभींच आईचें रक्त तपासावें. बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आंत लस टोंचावी. आईंत विषाणु असल्यास त्याबरोबर तयार प्रतिद्रव्याचेंही इंजेक्शन द्यावें. एवढें केल्यावर तिनें बाळाला अंगावर पाजण्यास हरकत नाहीं. सुनेच्या रक्तांत हा विषाणु निघाला म्हणून तिचें ताटवाटी वेगळें करणाऱ्या घरांना याहून सौम्य शब्दांत कांहीं सांगणें कठीण आहे, कीं ताटवाटीनें तो पसरत नाहीं.

बाळंतपण पार पडलें कीं खाज बहुधा थोड्याच दिवसांत जाते, कावीळ उतरते आणि बारशाच्या गडबडींत सर्व प्रकरण विस्मरणांत पडतें. परंतु पित्ताम्लांची खाज पुढच्या गर्भारपणांत पुन्हां येण्याचा संभव पुष्कळ असतो. संततिनियमनाच्या गोळ्यांतील कांहीं प्रकारांनींही ती पुन्हां उद्‌भवते. रक्तदाबाचा विकार एकदां झालेल्या स्त्रीला पुढील खेपेस लहान मात्रेंतील ॲस्पिरीन लौकरच सुरू करण्याचा सल्ला डॉक्टर देतात, पण त्यासाठीं मागचा प्रसंग त्यांना कळावा लागतो. ते कागद बाळाच्या जन्मपत्रिकेशेजारीं ठेवावे. आणि सासरीं परततांना ते माहेरच्या कपाटांत राहून जाणार नाहींत एवढें पाहावें.